टपावरची होडी

पाऊस गेला हे मला आभाळाकडे बघून कळत नाही, पडवीतल्या भिंतीला हात लावून कळतं. भिंतीवर माझ्या गाडीच्या कॅरिअरच्या दोन लोखंडी दांड्या टांगलेल्या असतात. चार महिने त्यांना दमट गंजाचा वास असतो, हात लावला की बोटं तांबूस होतात. नवरात्राच्या आसपास एक सकाळ अशी येते की दांडी कोरडी लागते. मग मी स्टूल घेते, दांड्या खाली काढते, त्यांच्यावरून खोबरेल तेलाचा बोळा फिरवते आणि गाडीच्या टपावर चढवते. आमच्या रेवदंड्यात तोवर भात पिवळं झालेलं असतं, बोंबील वाळत घालायला बांबू उभे राहिलेले असतात, आणि वाऱ्याला तो ओळखीचा खारट वास सुटलेला असतो. लोकांचा मोसम कशाने सुरू होत असेल तो होवो, माझा टपावरून सुरू होतो.

आणि आधीच सांगून टाकते, यात लाजण्यासारखं काही नाही. रेवसपासून दिवेआगरपर्यंत गाडीच्या टपावर होडी बांधण्यात माझा हात धरणारं कोणी असेल तर मला त्या माणसाला एकदा बघायचंय. दोन कयाक, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या, आणि वर एक रुंद, उघडी कनू, तिन्ही एकदम नेते मी. होडी पालथी घालायची, नाक पुढे. दोन आडवे बेल्ट, एक दोरी नाकाला, एक शेपटाला. मग होडीला दोन्ही हातांनी धरून गदगदा हलवायचं. नुसती होडी हलली तर सगळं सोडून परत बांधायचं. होडीबरोबर आख्खी गाडी डुलली तर निघायचं. मुंबई-पुण्याहून येणारे हौशी लोक महागडे पट्टे लावून येतात आणि होडी टपावर अशी ठेवतात, जणू ती तिथे पाहुणी आलीय. मी त्यांना रस्त्यातच थांबवते आणि बांधून देते. ते आधी फुगतात, मग फोटो काढतात.

पण ही सगळी हुशारी एका मोसमाची कमाई आहे. त्या मोसमात भर रस्त्यात मी एक वाक्य बोलून गेले होते. दर वर्षी दांड्या खाली काढताना ते वाक्यही खाली उतरतं.

त्या वर्षी बाबांनी होडी विकली होती. माझे बाबा तांडेल, म्हणजे होडीवर ज्याचा शब्द शेवटचा असतो तो माणूस. उभा जन्म त्यांनी समुद्रावर काढला. मग गुडघे गेले, खलाशी मिळेनासे झाले, आणि एका दुपारी होडी रेवसच्या बाजूचे लोक घेऊन गेले. बाबा तिला निरोप द्यायलाही धक्क्यावर उतरले नाहीत. नारळी पौर्णिमेला त्यांनी नारळ धुतला, हळदकुंकू लावलं आणि शेजाऱ्याच्या हातात दिला. "माझापण टाक," एवढंच म्हणाले. आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे बघितलं. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

मी तेव्हा अलिबागच्या पतपेढीतली नोकरी सोडून दोन कयाक आणल्या, एक नारिंगी आणि एक पिवळी. पाहुण्यांना खाडीत फिरवायचं, होड्या दिवेआगरच्या घरगुती मुक्कामाच्या जागांवरही न्यायच्या, असा माझा बेत. कोळीवाड्यात हसून हसून लोकांची पोटं दुखली. "तांडेलाच्या पोरीनं होडी आणली, पण ती गाडीवर बसून फिरते." फिरू दे की. मला धंदा करायचा होता हे खरं, पण त्याहून खरं हे, की मला बाबांना उंबऱ्याबाहेर काढायचं होतं. दिवसभर ते पडवीत बसून जुन्या जाळ्याची भोकं मोजल्यासारखे बघत राहायचे. समुद्राचं नाव काढत नव्हते. असाच एखादा माणूस बसल्या जागी संपून जातो हे मी आमच्याच आळीत पाहिलं होतं, आणि मला भीती वाटत होती. धक्क्यावर नाही तर नाही, निदान पाण्याकडे जाणाऱ्या गाडीत तरी ते बसावेत, एवढंच मला हवं होतं.

नारिंगी कयाकवर त्यांनी बोटाची पेरं वाजवली. आतून पोकळ आवाज आला.

"डबा हाय," ते म्हणाले.

"डबा तर डबा. टपावर चढवायला हात तर लावाल?"

त्यांनी हात लावला. दुसऱ्या खेपेपासून ते शेजारच्या सीटवर बसू लागले. बोलत नसत, पण बसत. साळावचा पूल ओलांडला की मान आपोआप उजवीकडे वळायची, समुद्राकडे, मग काहीतरी आठवल्यासारखी सरळ व्हायची. आगरदांड्याला गाडी फेरीबोटीवर चढवून आम्ही दिघीला उतरायचो. पहिल्यांदा बोट सुटली तेव्हा बाबा खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली, टपाकडे बघितलं, पायाखाली बघितलं.

"होडीवर गाडी, गाडीवर होडी," ते म्हणाले. "तिघांत काम एकच जण करतंय, दोघं फुकटात चालल्यात." कितीतरी आठवड्यांनी ते काही गमतीचं बोलले होते. मी दिघीपर्यंत एकटीच हसत होते.

दिवेआगरला घरी पाहुणे ठेवणाऱ्या एक काकू आमची वाट बघायच्या. चक्रीवादळात त्यांची वाडी आडवी झाली होती. नारळी-पोफळीची नवी रोपं आता कुठे कमरेला लागत होती, त्यामुळे त्यांच्या अंगणातून समुद्र सरळ दिसायचा. "पूर्वी आवाज ऐकू यायचा, दिसायचा नाही," काकू सांगायच्या, "आता दिसतो तर मला त्याच्याकडे बघावंसं वाटत नाही." बाबा हे ऐकून घ्यायचे आणि समुद्राकडे पाठ करून त्यांच्या ओट्यावर चहा प्यायचे. मी पाहुण्यांना घेऊन पाण्यात उतरले की ते गाडीत जाऊन बसत. काचा वर करून.

आणि मग ती सकाळ. काकूंकडे सहा पाहुणे येऊन बसले होते, त्यांचा सारखा फोन. मी आमच्या अंगणात फोनवर बोलत होते आणि बाबा होड्या बांधत होते. त्यांना बेल्ट आवडायचे नाहीत. बकल लावलं की झालं, यात माणसाचं काय काम, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी त्यांनी बेल्ट डिकीत टाकले आणि आपली नायलॉनची दोरी काढली. गाठी अशा मारल्या की बघत राहावं. मी लांबूनच बघितल्या, हलवून मात्र बघितलं नाही. तांडेलाने बांधलेली होडी हलवून बघायची, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

काशीदच्या अलीकडे सुरूची झाडं संपतात आणि रस्ता एकदम उघडा पडतो. समुद्रावरचा वारा तिथे आडवा येतो. मला वर धपकन आवाज आला, मग घसरल्यासारखा दुसरा, आणि आरशात बघते तर पिवळ्या कयाकचं शेपूट रस्त्याच्या मध्यावर आलेलं. मागे एसटी होती. तिने असा ब्रेक मारला की आतली माणसं पुढे आली. कोणाला काही झालं नाही. कयाक टपावर आडवी पडून डुलत होती, दोरीला लटकलेली. ड्रायव्हर खिडकीतून बाहेर वाकला, खिडक्याखिडक्यांतून डोकी निघाली, आणि सगळी माझ्याकडे बघायला लागली. त्या बघण्याचा मला राग आला.

"ही कोणी बांधली?" मी ओरडले. मला माहीत होतं कोणी बांधली ते.

"मी," बाबा म्हणाले.

"होडी बांधायची अक्कल नाही तर हात कशाला लावायचा?"

एसटीतलं कोणीतरी हसलं. बाबा खाली उतरले. त्यांनी दोरी सोडायला घेतली. आणि तेव्हा मला दिसलं, त्यांची एकही गाठ सुटलेली नव्हती. सगळ्या जशाच्या तशा. दोरीच वीतभर सैल होती, आधीपासूनच. मी बेल्ट काढून होड्या बांधल्या. बाबांनी दोरीची वेटोळी केली, मांडीवर घेतली आणि दिवेआगरला जाऊन परत घरी येईपर्यंत ती मांडीवरून खाली ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी हाक मारली. "तू जा," आतून आवाज आला. "मला काम हाय." काम कसलं, तेच जाळं. त्यानंतर ते पडवीतही बसेनात, मागच्या खोलीत बसू लागले, तिथून रस्तासुद्धा दिसत नाही. दिवाळी आली आणि गेली. मासळी विकून आलेली आई पाटी खाली ठेवताना एकदा म्हणाली, "बोललीस ते बोललीस. लोकांसमोर बोललीस गो." मी म्हटलं, एसटीखाली कोणी आलं असतं म्हणजे? आई पाटी धुवायला निघून गेली. मी बरोबर होते, आणि बरोबर असून मला जेवण जात नव्हतं.

त्यानंतर सगळं मी एकटीने बांधलं. एवढं घट्ट, की बेल्ट कापेल हात. माझं मलाच कौतुक वाटायचं. बेल्टाचा तो सपाट पट्टा गाडीने वेग घेतला की वाऱ्यावर थरथरतो आणि त्याचा घुमा आवाज येतो, भुंगा डब्यात अडकल्यासारखा. ऐकून ऐकून त्याची सवय झाली होती. शेजारची सीट मोकळी असली की तो जास्तच ऐकू येतो.

पुढे थंडी पडली. एका सकाळी रेवदंड्याच्याच धक्क्यावर पाहुणे येणार होते. पूर्ण ओहोटी होती, खाडीने चिखल उघडा टाकला होता. मी दोन्ही कयाक उतरवल्या आणि पायऱ्यांच्या खालच्या कडीला बांधल्या. घट्ट, बोटभरही दोरी मोकळी न ठेवता, कारण माझ्या हाताला आता तेवढंच बांधणं येत होतं. मग वर रस्त्यावर येऊन वल्ही काढली, डिकी आपटली, आणि चावी आत. गाडी बंद. मी घरी फोन लावला. आई बाजारात गेलेली, फोन बाबांनी घेतला. "दुसरी चावी देवाच्या फळीवर आहे," मी म्हटलं. होडी गेल्यापासून ते धक्क्याच्या बाजूला फिरकले नव्हते. "आणतो," ते म्हणाले.

मी रस्त्यावर वाट बघत राहिले. पाहुणे आले, त्यांना चहा पाजला, भरतीची वेळ सांगितली, खाडीतले पक्षी सांगितले. तासभर गेला, दोन गेले. बाबा काही येईनात. शेवटी मी धक्क्यावर डोकावले.

पाणी वर चढलं होतं. ज्या कडीला मी होड्या बांधल्या ती कडी कधीच बुडाली होती. पिवळी कयाक नाकावर उभी राहायच्या बेतात होती, नाक पाण्याखाली ओढलेलं, शेपूट वर. दोरी तिला खाली खेचत होती आणि भरती वर उचलत होती, मध्ये प्लॅस्टिक करकरत होतं. बाबा छातीएवढ्या पाण्यात उभे होते, सदऱ्यासकट. ते खालच्या वाटेने आले होते. गुडघे गेलेला माणूस, थंडीतलं पाणी. हात पाण्याखाली घालून नुसत्या बोटांनी ते माझी गाठ सोडत होते. मी पायऱ्या उतरेपर्यंत गाठ सुटली. पिवळीने उसळी मारली, नारिंगी तिच्यामागून मोकळी झाली आणि प्रवाहाबरोबर खाडीत निघाली.

"बाबा, जाऊ दे ती."

त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. त्यांनी पिवळीवर हात टाकला, पोटावर सरकले, वळले आणि बसले. वल्हं नव्हतंच, वल्ही माझ्याकडे. धक्क्याला टेकलेली कोणाची तरी फळी घेतली आणि एकाच बाजूने मारत, मनगट वळवत, नारिंगीच्या मागे गेले. मी पायरीवर उभी राहून बघत होते. सोळा-सतरा वर्षांची असताना त्यांना असं बघितलं होतं, त्यानंतर नाही. नारिंगीला त्यांनी पुलाच्या मधल्या खांबापाशी गाठलं. मग लगेच परत फिरले नाहीत. उगाच एक फेरी मारली, मासळीच्या होड्या लागतात तिथपर्यंत. तिथून कोणीतरी हाक दिली, "तांडेल, नवी होडी काय?" बाबांनी फळी उचलून दाखवली. मला रडू आलं, आणि पाहुणे मागे उभे होते म्हणून मी ते आवरलं नाही, येऊ दिलं. लोकांसमोर बोलले होते, तर लोकांसमोर रडायलाही हरकत नव्हती.

ते पायरीला लागले आणि दोरीचं टोक माझ्याकडे फेकलं. "बांध."

मी वरच्या कडीला बांधली. ते बघत राहिले. "सोड अजून." मी सोडली. "अजून सोड. पाणी अजून चढायचंय, मग उतरायचंय. तिला वरखाली जागा नको?" काशीदची ती वीतभर सैल दोरी मला त्या क्षणी कळली. त्यांनी टपावरच्या होडीलाही वरखाली व्हायला जागा ठेवली होती. आयुष्यभर ज्या हातांनी भरती-ओहोटी धरूनच बांधलं, त्यांना रस्ता चढत-उतरत नाही हे कोणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. मी फक्त ओरडले होते.

"बाबा, त्या दिवशी मी चुकले."

"कवा?"

"काशीदला. एसटीसमोर."

ते पायरीवर बसून सदरा पिळत होते. "बोललीस ते खोटं न्हाय," ते म्हणाले. "गाडीवर बांधायची अक्कल मला न्हवती. ती तू शिकव." मग खिशात हात घालून पाणी गळणारी चावी माझ्या हातात ठेवली.

शिकवलं मी. आठवडाभर अंगणात उभ्या गाडीवर त्यांच्याकडून बेल्ट ओढून घेतले. आणि महिन्याभरात ते माझ्या पुढे गेले. जाणकार लोक बेल्टाला एक पीळ देतात, म्हणजे तो वाऱ्यावर वाजत नाही. मीही द्यायला लागले होते. बाबांनी पीळ काढायला लावला. "वाजू दे. गप्प बसला तर कळंल कसं?" ते काच खाली करून बसायचे, डोळे मिटून, आणि बेल्टाचा आवाज ऐकायचे. आवाज जरा जाड झाला की म्हणायचे, थांबव. उतरून बघावं तर मागचा बेल्ट बोटभर सैल. एकदाही चुकले नाहीत. इंजिनाच्या आवाजावरून खोल पाणी ओळखणाऱ्या माणसाला हे काय अवघड. दिवेआगरला मग ते काकूंच्या ओट्यावर समुद्राकडे तोंड करून बसू लागले, आणि काकूही त्यांच्याबरोबर. पुढच्या नारळी पौर्णिमेला नारळ त्यांनी स्वतःच्या हाताने सोडला.

यंदा दांड्या काढल्या तेव्हा बाबा स्टूल धरायला आले. आता होडी उचलायला त्यांचे हात वर जात नाहीत. त्याहून वाईट म्हणजे ऐकू येत नाही. उजवा कान गेलाच, डावा जातोय. यंत्र आणून दिलं तर वाऱ्यात त्यात नुसती खरखर होते म्हणून खिशात ठेवतात. परवा पहिली खेप होती. मी बांधलं, हलवून बघितलं, गाडी डुलली. माझं बांधणं म्हणजे काय बघायचं नाही. बाबा शेजारी बसले, सवयीने काच खाली केली. मला वाटलं, आता नुसते वाऱ्याला बसतात बिचारे. खोटं कशाला बोलू, मला त्यांची कीव आली.

साळाव गेलं. सुरूची झाडं संपली, रस्ता उघडा पडला. बाबांनी हात बाहेर काढला आणि तळवा वर टपाच्या कडेला ठेवला, दांडीला चिकटवून. तसाच ठेवून बसले. मी बेल्ट ऐकत होते. मस्त वाजत होता.

"थांबव."

"काही नाही झालेलं, बाबा. वाजतोय नीट." मी मोठ्याने सांगितलं.

"थांबव गो."

मी थांबवली. खाली उतरले ते त्यांचं मन राखायला. मागच्या बेल्टात माझं बोट गेलं. एक नाही, दोन गेली. नव्या बकलचा दात नीट बसलाच नव्हता. अजून दोन-तीन वळणं, आणि कनू शेपटाकडून उचललीच असती. मागून गाड्या येत होत्या. मी बकल सोडून परत ओढलं, अंगाचं वजन टाकून. घाम फुटला होता.

बाबा खिडकीतून मान काढून वर बघत होते. ती जागा त्यांनीही ओळखली असणार, कारण एकदा समुद्राकडे बघितलं, एकदा रस्त्याकडे, आणि मग माझ्याकडे.

"कोणी बांधली ही?" त्यांनी विचारलं.

"मी."

मी वाट बघत उभी राहिले. पुढचं वाक्य मला पाठ होतं, आणि ते माझ्या वाट्याला यायलाच हवं होतं. बाबांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

"बस," ते म्हणाले. "तू बांध. ऐकायला मी हाय."

मी गाडी सुरू केली. दिघीची फेरी गाठायची होती. त्यांनी हात परत टपावर ठेवला.